देवाची माफी मागून झाली, आता त्या माणसाकडेही जायचं का? (विषय: पश्चाताप)

उंबरठा
नमस्कार मंडळी. दोन वर्षं रोमात (म्हणजे न लिहिता नुसता वाचत) होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

ख्रिस्ती घरात जन्मलो, चर्चमध्ये वाढलो. दर रविवारी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतो, विचाराने, शब्दाने, कृतीने अपराध केले वगैरे, आणि ती इतकी तोंडपाठ झालीय की म्हणता म्हणता गाडीला हँडब्रेक लावला का हेही आठवून होतं. ते असो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रिपोर्टात माझ्या हातून आकडे चुकले, एक कॉलम खाली सरकला होता आणि मी तो तसाच पुढे पाठवला. क्लायंटने बोंब मारली, मीटिंग लागली, साहेबांनी शीट पडद्यावर लावून विचारलं, ही कोणी केली. फाइलवर शेवटचं नाव माझ्या ज्युनियरचं दिसत होतं, कारण आदल्या रात्री त्याने फक्त रंग आणि रेघा नीट केल्या होत्या, त्याही मीच सांगितल्या होत्या. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. वहीत मी चौकोनात चौकोन काढत बसलो होतो, सात का आठ झाले असतील, शेवटी पेनाने कागद फाटला. मी खोटं बोललो नाही हो, काहीच बोललो नाही. त्याचं नोकरीतलं कन्फर्मेशन लांबलं आणि तीन महिन्यांत तो सोडून गेला.

त्या रात्री गुडघ्यावर बसून रडलो, खरंच रडलो. बायबलमधलं ५१वं स्तोत्र वाचलं, दावीद राजाचं, क्षमा मागणारं. हलकं वाटलं. देवाने क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. पण मागच्या आठवड्यात कुठल्याशा ॲपने 'तुम्ही यांना ओळखता का' म्हणून त्याचाच फोटो दाखवला आणि पोटात गोळा आला.

तर प्रश्न असा, की देवाने खातं मिटवलं असेल तर मी ते परत उघडायला जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं होतं का? की मी तेव्हा केला तो पश्चाताप नव्हताच?

वेलांटी
शीर्षकात 'पश्चाताप' नव्हे, 'पश्चात्ताप'. पश्चात् + ताप. दोन त. एक त तुम्ही खाल्लात. बाकी धागा वाचून लिहितो.

मधलीसुट्टी
वेलांटी हजर झाले, म्हणजे धागा आता अधिकृतपणे सुरू झाला.

उंबरठा
शीर्षक बदलता येत नाहीये, एडिटची मुदत संपली. क्षमस्व. (याचाही दोन त घालून पश्चात्ताप होतोय.)

जुनीवही
उंबरठा, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिकपणे उत्तर देते, राग मानू नका.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढा, २३ आणि २४ वचन. तू वेदीपाशी अर्पण आणलंयस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मी तीस वर्षं संडे स्कूलच्या मुलांना हे शिकवलं आणि दर वर्षी एखादं पोरगं हमखास विचारायचं, तोपर्यंत ते अर्पणाचं कबूतर उडून गेलं तर? मुलांना कळतं की ही अडचणीची आज्ञा आहे, मोठ्यांना कळत नाही. आणि नीट बघा, 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल' असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. म्हणजे तुमचीच केस.

हे येशूने नवीन काढलेलं नाही. जुन्या करारातल्या लेवीयच्या सहाव्या अध्यायात चोरी, लुबाडणूक, खोटी शपथ याबद्दलचा नियम आहे, मूळ मुद्दल अधिक पाचवा हिस्सा ज्याचं त्याला परत करायचं, आणि ते दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला द्यायचं अर्पण, आणायच्या दिवशीच. देवाचं देवाला नि माणसाचं माणसाला, दोन्ही एकाच दिवशी. तुम्ही एक हप्ता भरलात, दुसरा नऊ वर्षं थकवलात.

चक्रम
मी ख्रिस्ती नाही, देवबिव मानत नाही, पण धागा भारी आहे म्हणून विचारतो. बाहेरून बघणाऱ्याला हे असं दिसतं की सहा दिवस काय वाटेल ते करा, सातव्या दिवशी सॉरी म्हणा, पाटी कोरी. स्कीम चांगली आहे. फक्त ज्याची वाट लागली त्याला या स्कीममध्ये काय मिळतं?

अर्धविराम
चक्रम, हा प्रश्न तुमच्याआधी प्रेषित पौलाला विचारून झालाय. रोमकरांस पत्र, सहावा अध्याय, पहिलंच वाक्य: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि त्याचं उत्तर आपल्या भाषेत सांगायचं तर 'छे, भलतंच काय'. १९३७ साली दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने याच स्कीमला नाव ठेवलं, स्वस्त कृपा. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा म्हणजे स्वस्त कृपा, असं तो म्हणतो. हिटलरच्या राज्यात राहून लिहीत होता, पुढे १९४५ मध्ये त्याला फासावर चढवलं, त्यामुळे त्याला 'सोपं बोलतोय' म्हणायची सोय नाही.

आता उंबरठा यांच्या मूळ प्रश्नाकडे. (मी थिऑलॉजी शिकतोय, लांबण लागेल, कंटाळा आला तर स्क्रोल करा.) 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' यात जो ग्रीक शब्द आहे तो मेतानोइया या घराण्यातला, म्हणजे मन बदलणं, विचाराची दिशाच पालटणं. त्याच्या मागे हिब्रू 'शूव' उभा आहे, तो तर अगदी पायाचा शब्द, मागे फिरणं, परत येणं. चालत होता तिकडून वळणे. संदेष्टे सारखे 'फिरा, फिरा' ओरडतात तो हाच. मग चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन बायबल केलं, त्यात याचं झालं 'पेनितेन्तियाम आगिते', आणि मध्ययुगात लोकांना त्यातून ऐकू येऊ लागलं 'प्रायश्चित्त करा', म्हणजे उपास, यात्रा, पाळकाने सांगितलेल्या प्रार्थना. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला आणि लोकांनी मूळ शब्द पाहिला. ल्यूथरने (ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला तो) स्वतःच १५१८ मधल्या एका पत्रात लिहिलंय की हा शब्द कळल्यावर त्याला केवढं सुटल्यासारखं वाटलं. त्याआधी १५१७ च्या त्या प्रसिद्ध ९५ प्रबंधांतला पहिलाच म्हणतो की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं अशी त्याची इच्छा होती.

म्हणजे एका रात्रीत रडून संपणारं काम नाही ते.

मधलीसुट्टी
स्क्रोल केलं नाही, वाचलं. हजेरी लावा.

वेलांटी
आता खरं बोलायची वेळ आली. अर्धविराम म्हणतात ते बरोबर असेल तर 'पश्चात्ताप' हा शब्दच जरा गैरसोयीचा आहे. पश्चात् ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. यात वळणं कुठेच नाही, माणूस जागच्या जागी बसून जळू शकतो. धागाकर्त्यांनी नऊ वर्षं तेच केलं. त्यापेक्षा मराठीत 'उपरती' किती सुरेख शब्द आहे. उपरति म्हणजे थांबणं, निवृत्त होणं. 'त्याला उपरती झाली' म्हटलं की तो पूर्वीसारखं वागायचा थांबला हे त्यात आलंच.

जुनीवही
वेलांटी, उपरती मलाही आवडतो, पण एक अडचण आहे. उपरती होते. आपसूक होते, झाली तर झाली. 'उपरती करा' असं कोणाला म्हणून बघा, हसतील. आणि बोलताना आपण पश्चात्तापाचंही तसंच करतो बघा, 'मला पश्चात्ताप झाला', जसा ताप आला तसा. शुभवर्तमानात मात्र 'करा' आहे. आज्ञा आहे. जळजळ काही हुकुमावर होत नाही, म्हणजे ज्याची आज्ञा दिली ते करण्यातलं काहीतरी असणार ना?

लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना झोडपतोय, पश्चात्तापाला शोभेलशी फळं द्या म्हणून. तर लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो सांगतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदार विचारतात, आम्ही काय करावं? ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, आणि आम्ही? दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. तीन वेळा तोच प्रश्न आणि तीन वेळा इतकं साधं उत्तर. किती रडलात असं योहान कोणालाच विचारत नाही.

नुसताच_वाचक
+१. "पगारात भागवा" ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवायला हवं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. पण मला एक सांगा, ५१व्या स्तोत्रात दावीद स्पष्ट म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. फक्त देवाविरुद्ध. मी याच ओळीवर नऊ वर्षं टेकून बसलोय. पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, तर मिटवायचंही त्याच्याशीच, नाही का?

रोखठोक
उंबरठा साहेब, दावीदाने हे म्हटलं तेव्हा उरीया, ज्याची बायको त्याने घेतली तो, मेलेला होता. दावीदानेच मारवला होता. जाणार कुठे माफी मागायला? तुमचा ज्युनियर जिवंत आहे आणि ॲपवर फोटोसकट आहे.

जुनीवही
रोखठोक 😄

पण खरंच, त्या स्तोत्राच्या वर लिहिलेलं असतं ते वाचा, नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हाचं. आणि नाथानाने काय केलं होतं (२ शमुवेल १२)? गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती कोकरी, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या उराशी झोपणारी, आणि शेजारच्या श्रीमंताने पाहुणा आला म्हणून तीच कापली. दावीद भडकून म्हणाला, त्याने चौपट भरून दिलं पाहिजे! निर्गममध्ये मेंढरासाठी तोच दंड सांगितलाय, त्याला कायदा पाठ होता. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

आता लूक १९ उघडा. जक्कय, उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार, येशू घरी आल्यावर उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तेच चौपट. दावीदाने दुसऱ्याला ठोठावलं होतं ते जक्कयने स्वतःला लावून घेतलं, आणि येशूने 'चौपट पाठवून दे' असं सांगितल्याचं तिथे कुठेही नाही. तो फक्त घरी आला होता.

सातवी_पायरी
मी सहसा लिहीत नाही. पण या विषयावर गप्प बसवत नाहीये.

माझ्या वडिलांनी 'पश्चात्ताप केला' होता. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, मी दारूडा होतो, बायकोमुलांना मारायचो, प्रभूने मला उचललं. लोक रडले, टाळ्या वाजल्या, कोणीतरी मिठी मारली. आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आमच्याकडे वळून ते एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि घरी आल्यावरही नाही. आईचा उजवा कान त्यांच्या हाताने कायमचा गेलाय, साक्ष चालू असताना ती डावा कान पुढे करून ऐकत होती. नंतर चार बायका तिला सांगायला आल्या, देवाने क्षमा केली मग तू कोण न करणारी.

मारणं थांबलं हे खरं आहे, त्याचं श्रेय देते. पण ते मेले तोपर्यंत आईला 'माझं चुकलं' हे दोन शब्द मिळाले नाहीत. मंडळीला मिळाले, माइकवर. त्यामुळे उंबरठा, तुम्ही इथे धागा काढून चार लोकांना सांगितलंत, बरं वाटलं असेल, पण हाही माइकच आहे. कडू वाटलं तर माफ करा.

अर्धविराम
काही लिहायला सुचत नाही. फक्त वाचलं हे सांगतो.

जुनीवही
बाळ, त्या चार बायकांत मी नव्हते, पण अशा बऱ्याच प्रसंगी मी गप्प बसलेली आहे. हे इथे लिहून मोकळं होण्यासाठी नाही लिहीत, तुम्ही म्हणालात ते लागलं एवढंच.

उंबरठा
सातवी_पायरी, कडू नाही वाटलं. बरोबर वाटलं.

मेणबत्ती
मी कॅथलिक आहे, आमच्याकडचं सांगते कारण इथे 'पाळकाला सांगितलं की झालं' असा एक समज दिसतोय. कन्फेशनचे, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीचे, आमच्या बाजूने तीन भाग असतात, मनापासून दुःख, तोंडाने कबुली आणि भरपाई. मग फादर पापमुक्ती देतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा हे बंधनकारक केलं. आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद १४५९, सरळ लिहिलंय की नुकसान शक्य तेवढं भरून काढलंच पाहिजे, चोरलेलं परत द्या, आणि ज्याची बदनामी केलीत त्याची अब्रू त्याला परत मिळवून द्या. उंबरठा, हे शेवटचं तुमच्यासाठी लिहिल्यासारखंच आहे.

मी एकदा कन्फेशनमध्ये बहिणीबद्दल पसरवलेली एक गोष्ट सांगितली. वाटलं दोनचार प्रार्थना सांगतील. जाळीपलीकडून प्रश्न आला, किती जणांना सांगितलंस? मी मोजलं, पाच. म्हणाले, मग पाच जणांना खरं सांग. बाहेर आले तेव्हा घाम फुटला होता. चौघींना सांगून झालं, पाचवीला अजून नाही, दोन वर्षं झाली.

मधलीसुट्टी
पाचवी सदस्य नाही ना इथे? 😬

मेणबत्ती
आहे 😑

इतिहासाचा_तास
माइकवरच्या पश्चात्तापावरून आठवलं. १०७७ चा जानेवारी, कनोसाचा किल्ला, पोपने बहिष्कृत केलेला, सम्राट होऊ घातलेला जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीच्या दारात तीन दिवस बर्फात अनवाणी उभा. चित्रकारांचा आवडता प्रसंग. पोपला क्षमा करावीच लागली, दारात उभ्या पश्चात्तापी माणसाला धर्मगुरू नाही कसं म्हणणार? आणि १०८४ मध्ये हाच हेन्री फौज घेऊन रोममध्ये घुसला, आपला पोप बसवला, ग्रेगरी परागंदा होऊन दुसऱ्या वर्षी वारला. म्हणजे पाय गारठले होते, बाकी काही वितळलं नव्हतं.

उलट बाजूही सांगतो. ३९० साली थेओदोसियस सम्राटाच्या हुकुमाने थेस्सलोनिकात हजारो लोक कापले गेले. मिलानचा बिशप अँब्रोसने त्याला पत्र लिहून कळवलं की तू पश्चात्ताप करेपर्यंत मी तुझ्यासमोर प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. आणि रोमन सम्राटाने राजचिन्हं उतरवून सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घेतलं. राज्य करणाऱ्याला हे असं सांगणारा बिशप असावा लागतो हाही एक भाग आहेच.

चक्रम
हेन्री माझा माणूस वाटतोय.

पण थांबा, तुमच्याच पुस्तकातला एक हिशेब जुळत नाहीये. यहूदा इस्कार्योत, येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. त्याने तर सगळं केलं ना? वाईट वाटलं, 'मी निर्दोष रक्ताचा घात केला' अशी कबुली दिली, तीस रुपे परत नेऊन दिले. दुःख, कबुली, भरपाई, मेणबत्ती ताईंचे तिन्ही भाग झाले. आणि दुसरा शिष्य पेत्र, त्याने काय केलं? तीन वेळा येशूची ओळखच नाकारली आणि बाहेर जाऊन रडला. भरपाई शून्य. मग पेत्र पास आणि यहूदा नापास कसा?

अर्धविराम
प्रश्न जबरदस्त आहे. भाषेचं उत्तर असं की मत्तय २७:३ मध्ये यहूदासाठी मेतानोइया वापरलेलं नाही, दुसरा शब्द आहे, मेतामेलोमाय, त्यात खंत, हळहळ जास्त. पण एका शब्दावर एवढा डोलारा उभा करू नये, मलाच तो अपुरा वाटतो. पौल २ करिंथ ७:१० मध्ये म्हणतो की एक दुःख देवाच्या दिशेने जाणारं आणि एक जगाचं, जे मरणाकडे नेतं.

जुनीवही
चक्रम, तुम्ही आमच्या बायबल स्टडीला या बरं.

मला यहूदाच्या गोष्टीत नेहमी याजक दिसतात. तो कबुली घेऊन गेला त्यांच्याकडे, आणि त्यांनी काय उत्तर दिलं? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. देवाच्या घरात बसलेली माणसं ही! ज्याच्याकडे जायला हवं होतं त्याच्याकडे यहूदा गेला नाही हे खरंच, पण ज्यांच्याकडे गेला त्यांनी दार लावलं हेही लिहून ठेवलंय मत्तयाने.

आणि पेत्राची भरपाई शून्य नाही हो. योहानाच्या शुभवर्तमानात बघा. त्याने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, तिथे तो शेकत उभा होता (१८:१८). पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर न्याहारी करतो तिथेही कोळशाचा विस्तव (२१:९). अर्धविराम, ग्रीक शब्द तोच आहे ना?

अर्धविराम
अन्थ्राकिया. संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो.

जुनीवही
तेच म्हणायचं होतं. तोच धूर, तोच वास, आणि तीन वेळा तोच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय. येशूने 'झालं गेलं सोड' म्हटलं नाही, त्याला परत त्याच विस्तवापाशी नेऊन उभं केलं. उंबरठा, तुमचा विस्तव म्हणजे ती मीटिंग आहे.

रोखठोक
आता जरा उलटं बोलतो. सगळे त्यांना 'जा जा' म्हणून ढकलताय. मी एकदा असाच गेलो होतो. कॉलेजात एका मैत्रिणीबद्दल मी जे काही केलं होतं ते तिला माहीतच नव्हतं, पंधरा वर्षांनी जाऊन सगळं सांगून टाकलं, मी रडलो, हलका होऊन घरी आलो आणि तिने नंतर वर्षभर कोणावर विश्वास ठेवायचा म्हणून काढलं. मी माझं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला पश्चात्ताप म्हटलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्या १९३९ पासून छापील आहेत, त्यातली नववी म्हणते की दुखावलेल्या माणसांची शक्य तिथे थेट भरपाई करा, पण तसं केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नको. हा 'पण' मला आधी माहीत असता तर!

सांजवेळ
रोखठोक यांना अनुमोदन, आणि अजून एक. हा धागा माझ्यासारखी माणसंही वाचत असतात ज्यांना पश्चात्ताप कमी नाही, जास्त होतो. मी एका प्रार्थनेत सहासहा वेळा तीच क्षमा मागायचे, मग वाटायचं मनापासून नाही झाली, परत पहिल्यापासून. काउन्सेलरने सांगितलं तेव्हा कळलं की याला नाव आहे आणि हा आजाराचा भाग असतो. ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कन्फेशन करून ऐकणाऱ्याला दमवायचा, आणि त्याच्या विरुद्ध, कॅथलिक बाजूचा इग्नेशियस लोयोला, १५२२ मध्ये आयुष्यभराची पापं लिहून तीन दिवस कबुली दिली तरी पुढे मनरेसा गावात त्याला सारखं वाटायचं काहीतरी राहिलं. दोन टोकांची माणसं, पण दुखणं एकच. तेव्हा उंबरठा, आधी बघा, तुम्हाला त्या माणसाचं काहीतरी नीट करायचंय की फक्त पोटातला गोळा घालवायचाय.

अर्धविराम
हे महत्त्वाचं आहे. आणि उशिरा सुचलं म्हणून बाद होत नाही हेही. जॉन न्यूटन, गुलामांच्या जहाजांचा कप्तान, ज्याचं कृपेवरचं भजन आज जगभर गातात. १७४८ च्या वादळात त्याला देव आठवला. आणि त्यानंतर? १७५४ पर्यंत तो गुलामांची ने-आण करतच होता, खाली माणसं साखळ्यांत आणि वर कप्तान बायबल वाचतोय. सोडलं तेही तब्येतीमुळे. १७६४ मध्ये पाळक झाला. या व्यापाराविरुद्धची पुस्तिका आली १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी, आणि त्यात त्याने स्वतःच लिहिलंय की ही कबुली फार उशिरा येतेय. पण आली ती नुसत्या हळहळीची नव्हती, जहाजावर काय चालतं ते त्याने आतल्या माणसाच्या तोंडाने सांगितलं, पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली. १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला, त्याच डिसेंबरात न्यूटन वारला.

चक्रम
चाळीस वर्षं. उंबरठा, तुमची एकतीस शिल्लक आहेत.

मधलीसुट्टी
चक्रम 🙏

उंबरठा
पाच दिवसांनी लिहितोय. मध्ये धागा वर आला नाही ते बरंच झालं.

त्याला मेसेज केला. फक्त एवढंच, की त्या शीटबद्दल बोलायचंय, तुला नको असेल तर उत्तर देऊ नकोस, मी परत विचारणार नाही. (रोखठोक आणि सांजवेळ, हे वाक्य तुमच्यामुळे.) दोन दिवस निळी खूण, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला.

मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाला, माहीत आहे. त्याच दिवशी कळलं होतं. मीटिंगनंतर जागेवर जाऊन त्याने फाइलची व्हर्जन हिस्ट्री काढली होती, कॉलम कोणी किती वाजता सरकवला सगळं त्यात होतं. मी विचारलं, मग दाखवलं का नाहीस? म्हणाला, दाखवणारच होतो, पण वाटलं तुम्ही संध्याकाळपर्यंत स्वतःहून सांगाल. साडेसातपर्यंत थांबलो होतो.

साडेसातपर्यंत. मी त्या दिवशी सहाला निघालो होतो, घरी जाऊन लवकर गुडघ्यावर बसता यावं म्हणून.

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफ केलं का ते आत्ता नाही सांगता येणार. पण एक करा, तेव्हाच्या साहेबांना लिहा. याच लाइनमध्ये आहेत, अजूनही माझ्याबद्दल कोणी विचारलं की मुलगा हुशार आहे पण कामात ढिला, असं सांगतात. दोनदा माझं त्यामुळे अडलंय.

आता गोची अशी की ते साहेब आज माझेही साहेब आहेत. मेल चार वेळा लिहायला घेतला. ड्राफ्टमध्ये आहे. पहिलं वाक्य असं आहे, 'सर, त्या वेळी शीटच्या बाबतीत काही गैरसमज झाला होता'. पुढे जातच नाहीये.

सातवी_पायरी
गैरसमज 'झाला होता'. उपरतीसारखाच, आपोआप?

जुनीवही
खोडा ते. 'मी'पासून सुरू करा.

मेणबत्ती
उंबरठा, मी आत्ता पाचवीला विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) केली. तुम्हीही करा.

वेलांटी
मसुदा इथे टाका, नावं काढून, मी तपासतो. 'गैरसमज'मध्ये शुद्धलेखनाची चूक नाही, तरी तो शब्द चुकलेला आहे.

उंबरठा
'सर, नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शीटमधला कॉलम माझ्या हातून सरकला होता, आणि मीटिंगमध्ये तुम्ही विचारलं तेव्हा हे मला माहीत होतं.'

वेलांटी
शुद्ध आहे. पाठवा.

नवीन_सदस्य_३
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत अजून, पण शीर्षकात एक त कमी आहे का?